तिला ओढ नाय ऱ्हायली

आई, आपलं भांडण मिटलं. तुम्ही गेल्यावर सोळाव्या दिवशी, सरळगावच्या नाक्यावर, गॅरेजमधल्या एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मिटलं. तुम्ही नव्हतात, मी एकटीच होते, त्यामुळे वाद फारसा झाला नाही. मी हरले. ज्या गोष्टीवरून मी अडीच महिने तुमच्याशी धड बोलले नाही, ती गोष्ट कधी घडलीच नव्हती, हे मला त्या खुर्चीत कळलं. तुम्ही असतात तर मशेरीचे दात दिसू नयेत म्हणून पदर तोंडाला लावून हसल्या असतात. मग शेजारच्या काशीकाकूंना हाक मारून सगळं पहिल्यापासून सांगितलं असतंत. आता ते मलाच सांगावं लागतंय, आणि तेही तुम्हालाच.

तुमच्या मागे भेटायला आलेली माणसं खूप चांगलं बोलली. एकटीनं गिरण चालवली, मुलाला शिकवलं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी चहा देत फिरत होते आणि मनात म्हणत होते, हे सगळं ठीक आहे, पण त्यांच्या कानांबद्दल कुणीच कसं बोलत नाही. मी लग्न होऊन सापगावात आले तेव्हा आपल्या पडवीला लागून भातगिरण चालू होती. लोक गोणी टाकून गप्पा मारत बसायचे आणि तुम्ही मोटरकडे पाठ करून बसायच्या. पाठ केलेली असतानाच म्हणायच्या, भात ओलं आणलंय. किंवा म्हणायच्या, पट्टा सरकला. मला तर नुसता एकच मोठा खडखडाट ऐकू यायचा. तुम्ही उठून पट्ट्याला राळ लावली की खडखडाटाचा सूर खाली यायचा, आणि मग मलाही कळायचं की आधी काहीतरी बिघडलेलं होतं.

"मोटर धावते नि हलर झोपतो," असं तुम्ही पट्टा सरकण्याला म्हणायच्या. भात सडणारा तो हलर आणि त्याला फिरवणारी मोटर, यांच्यामध्ये फक्त एक पट्टा. पट्टा सैल पडला की मोटरनं कितीही आकांत केला तरी हलरला त्याचं काही सोयरसुतक नसतं. तुम्ही हे मला हसत सांगितलं होतंत, नवरा-बायकोचं उदाहरण देऊन, आणि संदीप तिथं उभा असताना. तो लाजून आत निघून गेला.

पुढे शहापुरात मोठ्या गिरण्या झाल्या आणि आपली बंद पडली. मोटर विकली, पट्टे सापासारखे गुंडाळून माळ्यावर गेले. कान मात्र बंद पडले नाहीत. त्यांना काम नव्हतं म्हणून ते घरभर फिरायचे. कुकरची शिट्टी तिरपी लागली, पंख्याला तेल हवंय, संदीपच्या मोटारसायकलची साखळी सैल झालीय. तुम्हाला कुणी विचारलेलं नसायचं. आणि मला, खरं सांगते, कधीकधी याचा कंटाळा यायचा.

मग माझी गाडी आली. मुरबाडच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये सकाळी लवकर पोचावं लागायचं आणि एसटीच्या वेळा काही माझ्या सोयीनं ठरत नव्हत्या. पांढरी, लहान, आधी दुसऱ्या कुणाकडे असलेली. मी चालवायला शिकत होते तेव्हा संदीपसुद्धा मागच्या सीटवर बसायचा, दाराचा दांडा धरून. पुढे माझ्याशेजारी बसायला या घरात तुम्ही एकट्याच तयार होतात. लोक पुढच्या सीटवरून रस्ता बघतात. तुम्ही माझा पाय बघायच्या.

"तो डावा पाय कशाला ठेवलाय त्याच्यावर?"

मी म्हटलं, क्लच आहे तो, कधीही लागतो, म्हणून तयारीत. तुम्ही म्हणालात, लागंल तवा ठेव. चालत्या पट्ट्यावर उगाच हात टेकवून बसतं का कोन? मला शिकवणाऱ्या मास्तरांनी जे चार वेळा सांगितलं होतं तेच तुम्ही सांगत होतात, आणि मी मास्तरांचं ऐकलं नव्हतं तसं तुमचंही ऐकलं नाही. पाय तिथंच राहिला. नुसतं टेकवल्यानं काय होतंय, असं मला वाटायचं.

वैशाखऱ्याला माझ्या माहेरी आपण दोघीच गेलो होतो, तो दिवस मला सारखा आठवतो. तुम्ही सरळगावपासून डोळे मिटून बसलेल्या. मला वाटलं झोपलात. टोकावड्याच्या अलीकडे तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, थांबव. एका ढाब्यासमोर थांबवली. चहा हवा असेल असं मला वाटलं. तर तुम्ही म्हणालात, बंद नको करू, गिअर काढ, आणि आता तो पाय दाब. दाबला. आता सोड. सोडला. परत दाब. ढाब्यावरची माणसं चहा विसरून आपल्याकडे बघत होती आणि मी लाजेनं अर्धी झाले होते. तुम्ही कान इंजिनाच्या बाजूला कलता धरून म्हणालात, दाबलं की गप होतंय, सोडलं की घूं करतंय. आत फिरनारं काय तरी कोरडं पडलंय.

दुसऱ्या दिवशी परत येताना सरळगावच्या हरेशदादाकडे गाडी दाखवली. तुम्ही समोरच्या झाडाखाली पिशवी घेऊन बसलात. त्यानं गिअरबॉक्स उतरवून बघितलं आणि म्हणाला, बेअरिंग जायला लागलंय, अजून थोडे दिवस गेले असते तर त्यानं बाकीचंही खाल्लं असतं. एवढा बारीक आवाज कुणी पकडला? आई, मी म्हटलं, मी.

हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही वीस पावलांवर बसला होतात. का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. बाई गाडी घेऊन आली की गॅरेजमध्ये तिच्याकडे ज्या नजरेनं बघतात, ती नजर त्याच्या तोंडून "अरे वा" निघाल्यावर बदलली, आणि मला ते आवडलं. गाडीत बसल्यावर तुम्ही विचारलंत, काय बोलला? मी म्हटलं, बेअरिंग. तुम्ही नुसतं "हं" केलंत आणि पिशवीतली बोरं काढलीत. आता वाटतं, तुम्हाला तेही ऐकू गेलं असेल. वीस पावलं तुमच्या कानांना काहीच नव्हती.

तुमची एक खोड होती, आणि भांडणातला तुमचा वाटा म्हणून ती मी इथं सांगणारच. तुम्ही नावं घ्यायच्या नाहीत. बाबांचं नाव घ्यायचं नाही हे मी समजू शकते. पण तुम्ही गिरणीला "ती" म्हणायच्या, म्हशीला "ती" म्हणायच्या, गाडीला "ती" आणि मलाही "ती". ती उठली का? ती आज दूध देल का? ती धुतली का? घरात चार-चार "ती" आणि कोणाबद्दल चाललंय हे तुमच्या हनुवटीच्या रोखावरून ओळखायचं. संदीपला ते जन्मापासून जमायचं. मला समोर असेपर्यंत जमायचं. भिंतीआडून हनुवटी दिसत नाही.

भात झोडून झालं होतं, थंडी पडायला लागली होती. मी डबा विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. गाडी रस्त्यावरच ठेवली आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरले. पलीकडे ओट्यावर तुम्ही आणि काशीकाकू तांदूळ पाखडत बसल्या होतात. सुपाचा आवाज येत होता आणि तुमचा.

"तिला आता पयल्यासारखी ओढ नाय ऱ्हायली गो काशी. आवाज जाम चढवते, पन पुढं काय सरकत नाय. जरा चढ आला की तापते, नि तापली की करपट सुटते."

काशीकाकू म्हणाल्या, सांगत का नाय? त्यावर तुम्ही म्हणालात, "सांगून आयकतंय कोन? पयल्यापासून दुसऱ्या हाताची सवय लागलेली, ती काय जाते? टायमात कुनाला तरी दाखवाया पायजे. नायतर बघ, एक दिवस मधीच सोडून देल."

मी डब्याचं झाकण हातात धरून उभी होते. आवाज चढवते. तापते. करपट, म्हणजे मी काय कुसकट बोलते ते. दुसऱ्या हाताची सवय, म्हणजे थेट माझं माहेर. आणि कुणाला तरी दाखवा, म्हणजे आता मला देवऋष्याकडे नेणार की डोक्याच्या डॉक्टरकडे? पण या सगळ्यांत लागला तो पहिलाच शब्द. ओढ. तिला या घराची ओढ राहिली नाही, असं तुम्ही शेजारणीला सांगत होतात.

तो शब्द एवढा का लागला, त्याचं कारण आहे. त्याच्या आधीच्या शनिवारी मी आणि संदीप मुरबाडला एक खोली बघून आलो होतो. सोमवार ते शनिवार तिथं राहायचं, रविवारी घरी यायचं, असं माझ्या मनात घोळत होतं. रोजच्या जाण्यायेण्यानं मी थकून गेले होते. पण तुम्हाला कसं सांगायचं हे सुचत नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, तुम्हाला कळलंय, आणि कळल्यावर मला विचारायचं सोडून तुम्ही ओट्यावर बसून माझा निकाल लावताय.

डबा न घेताच मी परत गेले. त्या दिवसापासून मी मिठाची गुळणी धरली. चहा वेळेवर दिला, औषधं दिली, केसांना तेल लावून दिलं. पण तुम्ही काही विचारलंत की हो, नाही, ठेवलंय, आणलंय. एका शब्दाच्या पुढे मी गेले नाही. तुम्ही पहिले काही दिवस माझ्याकडे बघत राहायच्या. एकदा संदीपला विचारलंत, तिला बरं नाय का? संदीपनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कामाचा ताण आहे. तुमचा मुलगा तसा गरीब, दोन बायकांच्या मध्ये पडायचं नाही एवढं त्याला चांगलं कळतं. तो कंपनीतल्या पाळीला निघून गेला.

आणि त्याच दिवसांत, आई, तुम्ही मला रोज सांगत होतात. मी संध्याकाळी गाडी अंगणात लावली की तुम्ही जवळ येऊन नाक वर करायच्या आणि म्हणायच्या, काय तरी करपलंय गो. मी तरातरा स्वयंपाकघरात जाऊन गॅस बघायची. भात नीट असायचा. म्हणजे आता माझ्या रांधण्यालाही नावं ठेवायला लागल्या, असं मी मनात म्हणायची. मग तुम्ही गाडीखाली गोणपाट घालायला लागलात. रात्री मी झोपण्याआधी बघायची तर गोणपाट घातलेलं, सकाळी तुम्ही वाकून ते ओढून काढायच्या, उन्हात धरून बघायच्या. सारवलेलं अंगण माझ्या गाडीनं खराब होतं, हे मला न बोलता दाखवायची ही तुमची रीत, असा अर्थ मी लावला. मी दिवसभर लोकांच्या रक्ताचे थेंब काचेवर घेऊन त्यात काय बिघडलंय ते शोधते. माझ्या गाडीच्या पोटातून काय गळतंय ते तुम्ही शोधत होतात, आणि मला त्यात फक्त टोमणा दिसला.

गाडीचं मला काहीच जाणवत नव्हतं असं नाही. सकाळच्या थंडीत दुसरा गिअर पडायला कुरकुर करायचा. घरी येताना किन्हवलीच्या पुढच्या चढाला मी पाय दाबायची तर इंजिन ओरडायचं आणि काटा तिथल्या तिथं. मला वाटायचं, पेट्रोलमध्ये काही असेल, किंवा एसीमुळे असेल. मग सपाटीला गाडी बरी चालायची आणि मी विसरून जायची. दुखणं थोडं असताना माणूस असाच विसरतो, हे मी लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते.

एका सकाळी तुम्ही गाडीसमोर येऊन उभ्या राहिलात. बोनेटवर हात ठेवलात, म्हशीच्या कपाळावर ठेवतात तसा. म्हणालात, "वैशाली, दाखवून घे गो येकदा. टायमात दाखवलं तर थोडक्यात भागतं."

मी म्हटलं, "मला काहीही झालेलं नाही." आणि काच वर केली.

तुमचं तोंड हललं. काचेतून मला ऐकू आलं नाही. मी गाडी काढली आणि आरशात बघितलं तर तुम्ही अंगणाच्या कडेला उभ्या राहून अजून बोलतच होतात, आणि उजवा हात हवेत गोल गोल फिरवत होतात. मला वाटलं, जा, जा म्हणताय. आज कळतं, तुम्ही पट्टा दाखवत होतात. मोटर धावते नि हलर झोपतो. गिरण बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या हाताला तेच एक चिन्ह ठाऊक होतं. ती काच मी वर केली नसती तर आपलं भांडण तिथंच, त्या अंगणात, हसण्यावारी गेलं असतं. या एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं, आई. बाकी सगळ्यावर मी हसू शकते, त्या काचेवर नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, दुपारी, संदीपचा फोन आला. आईला बरं वाटत नाहीये, ये, एवढंच म्हणाला. मी हातमोजेही न काढता निघाले. किन्हवलीच्या त्या चढावर गाडीनं आवाज गगनाला नेला आणि पुढे जाईना. मागून आलेली एसटी मला सहज ओलांडून गेली. मी स्टिअरिंगवर हात आपटून रडत ओरडत होते, ओढ ना गो, ओढ. माझ्याच तोंडून तो शब्द निघाला. माझ्याच तोंडून, आणि "गो" लावून, अगदी तुमच्यासारखा. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. घरी पोचले तर पडवीत माणसं जमली होती. तुम्ही जेवून खाटेवर पडलात आणि झोपेतच गेलात. संदीपनं फोन केला तेव्हा तुम्ही आधीच गेला होतात, त्याला ते शब्दांत सांगवलं नव्हतं. म्हणजे गाडी धड असती तरी मी तुम्हाला गाठू शकले नसते. हे मी स्वतःला रोज समजावते, आणि बहुतेक दिवशी ते पटतं.

तेराव्यानंतर कामावर जायला लागले. तिसऱ्याच दिवशी सरळगावच्या अलीकडे गाडीनं हात टेकले. गिअर टाकला, पाय सोडला, इंजिन ओरडतंय आणि गाडी जागेवर. दोघांनी ढकलून हरेशदादाच्या दारात नेली. त्यानं बोनेट उघडलं, वास घेतला, गाडीखाली सरकला, बाहेर येऊन फडक्याला हात पुसत म्हणाला,

"ताई, ओढच नाय ऱ्हायली हिला. आवाज चढतो, पन पुढं सरकत नाय. चढाला तापत आसल. करपट वास नाय आला का तुमाला?"

मी त्याला म्हटलं, परत बोला. तो परत बोलला. मी खुर्चीत बसले. ओढ, आवाज, चढ, तापणं, करपट, सगळं त्याच क्रमानं. सुपाचा आवाज तेवढा नव्हता.

तो समजावून सांगत होता. गिअरबॉक्सचं सील गळतंय, तेल आतल्या क्लचच्या प्लेटवर जातंय, प्लेट सटकते, त्यात पाय सारखा पॅडलवर असेल तर ती आणखी झिजते. हे एका दिवसात होत नाही, दोन-तीन महिने गाडी सांगत असते. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मागच्या टायमाला एवढा बारीक आवाज तुमीच पकडला व्हता ना? मंग आता कसं नाय कळलं?"

मी म्हटलं, "तेव्हा मी नव्हते पकडला. माझ्या सासूबाईंनी पकडला होता. त्या समोर झाडाखाली बसल्या होत्या."

त्यानं झाडाकडे बघितलं. मीही बघितलं. मग मला हसू आलं, आणि हसता हसता इतकं रडू आलं की तो बिचारा घाबरला. पाणी आणून दिलं आणि म्हणाला, गाडीसाठी नका एवढं मनाला लावून घेऊ ताई, प्लेट बदलली, सील टाकलं की होती तशी होल.

एसटीनं घरी आले. अंगणाच्या कडेला ते गोणपाट, तुम्ही उन्हात टाकलेलं, तसंच पडलेलं. तुम्ही गेलात त्या गडबडीत कुणी उचललंच नव्हतं. मी ते पहिल्यांदा नीट बघितलं. त्यावर तेलाचे डाग होते, आणि प्रत्येक डागाभोवती कोळशानं कडं काढलेलं होतं. जुना कोणता आणि नवा कोणता हे कळावं म्हणून. कडेचे डाग बोटाच्या पेरापेक्षा लहान होते, मधले मोठे होत गेलेले. शेवटचा बशीएवढा. त्याच्या कड्याचा कोळसा अजून बोटाला लागत होता. लॅबमध्ये मी नळीवर नाव आणि तारीख घालते, नाहीतर नमुना फुकट जातो. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, पण एकही नमुना तुम्ही फुकट घालवला नव्हता.

मी तशीच काशीकाकूंकडे गेले. म्हटलं, त्या दिवशी ओट्यावर तांदूळ पाखडताना आई कुणाबद्दल बोलत होत्या? ओढ राहिली नाही, ते? काशीकाकूंना आधी आठवेना. मग म्हणाल्या, गाडीचं गो. दुसरं काय बोलाया व्हतं तिला? तुझ्या त्या गाडीवरनं माझं डोकं उठवलं व्हतं तिनं. जुन्या मालकाच्या हाताची सवय हाय गाडीला, असं बोलायची.

काकूंना वाटलं मला पटलं नाही. त्या जवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "खोलीचं पन म्हायती व्हतं तिला. संदीपनं सांगितलेलं. मी बोलली, आता सून जाते तुझी. तर बोलली, जाऊ दे गो, रोजचा रस्ता लांब पडतो तिला. फकस्त गाडी धड पायजे. नायतर ऐतवारी येनार कशी?"

आई, तुमच्या मुलाच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत होतं, पण या एका वेळी मी त्याचे उपकार मानते. म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं, तुम्ही मला सोडलंही होतंत. मी गेले तर तुमचं कसं होईल, याची काळजी तुम्हाला नव्हती. मी परत येताना वाटेत अडकायला नको, एवढीच होती. आणि मी इकडे तुम्हाला एकेक शब्द मोजून देत होते.

थोडं भांडू का अजून? एकदा, फक्त एकदा, "ती" न म्हणता "गाडी" म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? घरात चार बाया आणि चौघींना एकच सर्वनाम. आणि दुसरं, मी अडीच महिने बोलत नव्हते तर मला धरून विचारायचं होतंत. पट्टा सरकलेला तुम्हाला पाठमोरं बसून कळायचा. माझा सरकलेला कळला नसेल असं मी मानणार नाही. कदाचित तुम्ही वाट बघत होतात, तापली आहे, निवू दे, मग बघू. तुमची तीच पद्धत होती. गरम मोटरला तुम्ही कधी हात लावला नाहीत.

गाडी परवा आणली. हरेशदादानं चावी देताना सांगितलं, डावा पाय जरा लांब ठेवा. किन्हवलीचा चढ मी एसी बंद करून, काचा खाली करून चढले, आणि पाय अंग चोरून बाजूला ठेवला होता. गाडी बिनबोभाट चढून गेली. शेजारच्या सीटवर बोराची एक बी सापडली, कधीची कोण जाणे. ती मी तिथंच ठेवलीय.

मुरबाडची खोली आम्ही घेतोय. दोन दिवस विचार केला, नको म्हणावंसं वाटलं, मग वाटलं, तुम्ही जाऊ दे म्हटलेलं आहे आणि त्यावर आता वाद नको. दर रविवारी येईन. अंगण सारवायला काशीकाकूंना सांगितलंय. म्हैस त्यांच्याकडेच बांधली आहे, त्या तिला नावानं हाक मारतात, आणि ती त्यांना ओ देत नाही.

काल गाडीखाली धुतलेलं गोणपाट घातलं. आज सकाळी ओढून काढलं, उन्हात धरून बघितलं. कोरडं आहे, एक थेंब नाही. मी कोळसा हातात घेऊन उगाच उभी होते. तिची ओढ गेली होती, ती परत आणली, आई. माझी गेली नव्हती.